हिराच्या मागे कुणी नाही

एसटी घाटाला लागली तरी हिरा शिर्के सीटच्या काठावरच बसलेली होती.

“हिरे, टेक की मागं,” पुढच्या सीटवरून सरोज सोनवणे म्हणाली. “बस ड्रायव्हर चालवतोय. तू ढकलली नाहीस तरी पोचेल.”

हिरा टेकली. दोन वळणं गेली आणि ती पुन्हा काठावर आली. यात नवीन काहीच नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून तिनं उभी नोकरी खुर्चीत बसून काढली, पण खुर्चीशी तिचं कधी पटलं नाही. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि टेबलाखाली दोन्ही पाय हलत असायचे. “शिर्के, खुर्चीला काटे आहेत का?” असं सुपरवायझरबाई हमखास विचारायच्या. ड्यूटी सुटली की ती बस न पकडता चालत खडकी गाठायची, खोलीवर जाऊन चहाचं आधण ठेवायची, आणि ते उकळेपर्यंत गॅलरीत येरझाऱ्या. मुलगी चांगली आहे पण पायाला भिंगरी आहे, असं म्हणून दोन स्थळं परत गेली. पुढं कुणी आलं नाही, आणि त्याचं हिरानं फारसं मनाला लावून घेतलं नाही. भावाच्या दोन्ही मुलींना तिनंच शाळेत नेलं-आणलं, तेही चालतच. त्या मुली आता चाळिशीला आल्या, तरी आत्याबरोबर बाहेर निघायचं म्हटलं की आधी चपला बदलून येतात.

आजचं काठावर बसणं मात्र वेगळं होतं. आज तिचं लक्ष खिडकीशी बसलेल्या इंदूकडे होतं.

इंदुमती बापट काचेवरची वाफ तळहातानं पुसून बाहेरचं हिरवं बघत होती. मांडीवर तिचा पिवळाधमक रेनकोट होता, मुलानं अमेरिकेहून आणलेला. दोन बायका मावतील एवढा मोठा. एकाएकी तिनं विचारलं, “मालिनी कुठल्या स्टॉपला चढणार गं? पौड गेलं का?”

मालिनीला जाऊन चार वर्षं झाली होती. हॉस्पिटलात शेवटी तिचे केस विंचरून देणारी इंदूच होती.

“इंदू,” हिरा हळूच म्हणाली.

इंदूनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं जीभ चावली. “अगं बाई. कुठून आलं हे डोक्यात.” मग पुढच्या सीटकडे बघत, “ऐकलं का त्यांनी?”

“नाही.”

“मग तू पण ऐकलं नाहीस.”

हिरानं मान डोलावली. एप्रिलपासून ती अशीच मान डोलावत आली होती.

एप्रिलमध्ये लक्ष्मी रस्त्यावर, भर उन्हात, इंदू एका कापडाच्या दुकानासमोर उभी दिसली. त्याच दुकानातून तिनं मुलाच्या लग्नाचा बस्ता बांधला होता. हिरानं हाक मारली तर इंदूनं तिचा हात असा पकडला की बोटं उमटली. घरी कसं जायचं ते आठवत नाही, म्हणाली. रिक्षात बसल्यावर सगळं आठवलं, वाटेतली सगळी दुकानंही ओळीनं सांगितली, आणि मग ती रडली. पहिल्यांदा घडलेलं नव्हतं ते. कुकर जळाला होता, गॅस उघडा राहिला होता. मिहिरला, म्हणजे मुलाला, काही ठाऊक नव्हतं.

“त्याला कळलं की मला जिन्याच्या खाली उतरू देणार नाही तो,” ती म्हणाली होती. “हिरे, एवढा पावसाळा होऊ दे. सावळदरी एकदा करू. मग मी स्वतः सांगेन त्याला. तोवर कुणाला नाही. सरोजला तर नाहीच. ती मला घरी बसवेल.”

हिरानं शब्द दिला. देताना काही वाटलं नाही. नंतर मात्र त्या शब्दानं तिला रात्री झोप लागू दिली नाही.

सरोज घरी बसवेल हे खरंच होतं. सरोज हवालदाराची बायको, आणि नवऱ्यापेक्षा तिचाच आवाज कडक. या मैत्रिणींच्या रविवारच्या भटकंतीची ती पुढारी. एक्स्चेंजमधल्या पाच ऑपरेटर बायका, आठवडाभर खुर्चीत आखडलेली हाडं मोकळी करायला म्हणून सुरू झालेलं ते चालणं, आणि मग दर पावसाळ्यात एकदा सावळदरीत उतरायचं. मालिनी गेली, चार उरल्या. चौथी फिलोमिना लोबो, कॅम्पातली. अंगानं भरलेली, चढावर धापा टाकणारी आणि धापा टाकता टाकता बोलणारी.

त्यांचे नियम ठरलेले होते आणि ते कुणी मोडत नसे. सरोज पुढं. फाटा आला की ती वाटेत दगड मांडून किंवा काटक्या ठेवून बाण करायची. मागच्या तिघी त्या बाणानं यायच्या. सगळ्यांत शेवटी हिरा, तिला ‘शेपूट’ म्हणत. शेपटीचं काम बाण मोडायचं. फार पूर्वी दुसऱ्याच कुणाच्या तरी शिळ्या बाणाच्या मागे जाऊन या पाचजणी अंधार पडेपर्यंत रानात फिरल्या होत्या. तेव्हापासून आपला बाण मागं ठेवायचा नाही, असं ठरलं. दुसरा नियम, कुणाला आडोशाला जायचं असेल तर हातातली काठी वाटेत आडवी टाकून जायची. आडवी काठी दिसली की शेपूट थांबणार. आणि तिसरा, बाण दिसला नाही तर फाट्यावरून हलायचं नाही, बसून राहायचं.

शेपूट व्हायला हिरासारखी उतावळी बाई कशी निवडली, याचं सगळ्यांना नवल वाटे. निवडली होती मालिनीनं. “हिला पुढं सोडली तर ही एकटीच पोचेल,” ती म्हणाली होती. “मागं बांधून ठेवा.”

आंबेटेपला बस रिकामी झाली. पाऊस तिरका येत होता. शेवटच्या घराच्या पडवीत चहा झाला, आणि तिथंच फिलूच्या रेनकोटाची चेन तुटली.

“जीजस! गेली की ही!”

“कटलेट खाऊन खाऊन गेली,” सरोज म्हणाली.

“कटलेट मी तुमच्यासाठी आणते. मी खाते काय?”

“नाही, तू वास घेतेस नुसता.”

इंदू हसली. तिनं अंगातला पिवळा रेनकोट काढून फिलूच्या डोक्यावर टाकला. “घे. यात तू आणि तुझा लोबो, दोघं मावाल. मला उकडतंच त्यात.” मग पिशवीतून काळपट प्लॅस्टिकचा कागद काढला आणि गावातल्या बायका घेतात तशी त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली. हिरा त्या वेळी इंदूच्या पायाशी बसून तिच्या बुटाच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारत होती. वर बघून तीही हसली. फिलू पिवळ्यात आणि इंदू काळ्यात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आज काय हिला बाळासारखं करतेस गं?” सरोजनं विचारलं.

“चिखल आहे ना,” हिरा म्हणाली आणि दुसऱ्या पायाकडे वळली.

उतार सुरू झाला तसं धुकं खालून वर आलं. वाट कारवीतून होती, पायाखाली लाल चिखल. खाली कुठंतरी नदी वाजत होती. वाऱ्याच्या झोताबरोबर आवाज जवळ यायचा आणि पुन्हा दडायचा. हिराला आज काहीच धड वाटत नव्हतं. इंदू पाय टाकी त्या जागेकडे ती बघे, इंदूनं डावीकडे बघितलं तर हिराही डावीकडे बघे. स्वतः दोनदा घसरली.

“तू माझ्या पाठीवर बसून आलीस तरी चालेल,” इंदू वळून म्हणाली. “किती जवळ चालतेस! तुझा श्वास लागतोय मानेला.”

“चाल गं तू.”

“चालतेय. मला चालता येतं, हिरे. बाकीचं जातंय.” ती थोडं थांबली. “गंमत बघ. काल काय जेवले ते आठवत नाही. पण डोहाजवळच्या त्या उंबराला मालिनीनं झोका बांधला होता, त्या दोराचा रंग आठवतो. निळा.”

तो डोह आणि तो उंबर ही त्यांची जुनी जेवायची जागा. मधल्या एका पावसाळ्यात तिकडच्या वाटेवर दरड आली, तेव्हापासून या मैत्रिणी वाटेतल्या फाट्यावरून उजवीकडे उतरून, डोहापेक्षा उंचावरच्या कातळावर बसत. इंदू पुढं चालत झोक्याचं, डब्याचं, मालिनीनं पाण्यात टाकलेल्या चपलेचं बोलत राहिली. इतकं नेमकं बोलत होती की हिराला वाटलं, उगाचच घाबरतो आपण.

आणि नेमकी तेव्हाच तिच्या घोट्याला जळू चिकटली.

“हो तू पुढं, मी आलेच,” ती म्हणाली आणि दगडावर टेकली. बूट काढला, मीठ लावलं, जळू पडली, रक्त पुसलं. बूट चढवला तेव्हा इंदू वळणाआड गेलेली होती. हिरा जवळजवळ धावतच निघाली. वळण आलं, आणि पलीकडे फाटा. फाट्यावर सरोजचा बाण, तीन दगडांचा, उजवीकडे तोंड केलेला. आणि उजवीकडच्या वाटेवर, धुक्यात, पिवळा रेनकोट खाली उतरत होता.

हिराचा जीव भांड्यात पडला. तिनं बुटाच्या टोकानं बाण विस्कटला, एक दगड उजवीकडे, दोन डावीकडे, जसा आजवर विस्कटत आली तसा, आणि पिवळ्याच्या मागं लागली.

कातळावर सरोज कागद अंथरत होती. पिवळा रेनकोट पाठमोरा उभा राहून पाणी पीत होता. मग तो वळला आणि त्यातून फिलूचं तोंड निघालं.

“इंदू कुठाय?” फिलूनं विचारलं.

हिरानं कातळभर नजर फिरवली.

“तुझ्या पुढं होती ना?” सरोज म्हणाली. “हिरे? तुझ्या पुढं होती ना ती?”

“मला वाटलं... पिवळा...”

“अगं पिवळा मी घातलाय! तुझ्यासमोर दिला तिनं!”

“पाहिलं मी. पाहिलं होतं.” हिरा मागं वळलीसुद्धा होती. एप्रिलपासून दुसरीच्या विसरण्यावर राखण करत होती ती, आणि सकाळी स्वतः बघितलेली गोष्ट तिच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती.

“थांब,” सरोज म्हणाली. “आडोशाला गेली असेल. काठी टाकली नसेल आडवी, गाढव कुठली. येईल. फाट्यावर बाण नाही दिसला तर बसून राहील. नियम तिला पाठ आहेत.”

“नाही बसणार.”

“का नाही बसणार?”

हिरानं सांगितलं. चालता चालता, वर चढता चढता, पुढं न बघता. कापडाचं दुकान, कुकर, गॅस, बसमधली मालिनी. सरोज तिच्या मागून येत होती. सांगून संपलं तेव्हा ती थांबली.

“एप्रिल,” ती म्हणाली. “आज ऑगस्ट आहे.”

“शब्द दिला होता, सरोज.”

“शब्द! दरीत उतरवलंस तिला तू! मी पुढं चाललेय, मला ठाऊक नाही. फिलूला ठाऊक नाही. मला सांगितलं असतंस तर तिला मधे घेतली असती, हाताला धरली असती. बाण ठेवून आले असते मी दर दहा पावलांवर.”

“तू घरी बसवली असतीस.”

“हो, बसवली असती! जिवंत बसली असती घरात!”

“भांडा नंतर,” मागून फिलू धापा टाकत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पावसात दिसत नव्हतं एवढंच. “आधी शोधा. मग मारा एकमेकींना.”

फाट्यावर कुणी नव्हतं. सरोजनं तोंडाशी हात धरून हाक दिली. “इंदूऽऽऽ!” दरीनं ती गिळून टाकली. फिलूनं शिट्टी फुंकली. खालून नदीची गाज तेवढी आली, आणि ती सकाळपेक्षा जड होती. वर घाटमाथ्यावर कोसळत असणार. नदी गढूळ होऊन फुगायला लागली की तिचा आवाज असाच खाली बसतो.

“मी वर जाते,” सरोज म्हणाली. “परत फिरली असेल गावाकडे. फिलू, तू इथंच थांब. हिरा...”

हिरा तिचं ऐकतच नव्हती. ती खाली पडलेल्या तीन दगडांकडे बघत होती. एक उजवीकडे. दोन डावीकडे. आडोशाला गेलेली, आपण नकळत ओलांडलेली, मग धुक्यातून फाट्यावर एकटी आलेली इंदू, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, बाण नाही. डोक्यात मालिनी, झोका, निळा दोर. तिला कुठली वाट आपली वाटेल?

“डोह,” हिरा म्हणाली. “ती जेवायला गेली. आपल्या जागी.”

“तिकडं दरड आहे.”

“तिच्यासाठी अजून पडलेली नाही ती.”

सरोजनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि पिशवीतला दोर काढून खांद्यावर घेतला.

डावी वाट झाडीनं गिळली होती. तरी कुठं कुठं वाकलेलं गवत होतं, नुकतंच वाकलेलं. दरडीचा पट्टा आला तेव्हा फिलूनं क्रूस केला आणि बसून बसून, दगडांवरून घसपटत, तो ओलांडला. हिरा केव्हाच पलीकडे पोचली होती. आता तिला कुणी मागं बांधून ठेवलेलं नव्हतं. फांद्या तोंडावर बसत होत्या, तिला कळत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, तो विस्कटलेला बाण, आणि बुटाच्या टोकाला लागलेल्या दगडांचा तो हलका आवाज.

झाडी सरली आणि नदी समोर आली.

उंबर होता तसाच होता, पाण्यावर झुकलेला. त्याच्या पुढ्यात डोहात शिरलेला सपाट खडक, आणि खडकावर, काळी खोळ डोक्यावरून घेऊन, इंदू मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर पळसाची पाच पानं मांडलेली. प्रत्येक पानावर एक थालिपीठ, कडेला ठेचा, आणि प्रत्येक पान उडू नये म्हणून त्यावर एकेक गोटा. थालिपीठं भिजून फुगली होती. खडकाच्या तिन्ही बाजूंनी तांबडं पाणी घुसळत होतं, आणि खडक आणि काठ यांच्यामधून, जिथून ती कोरड्या पायानं गेली असणार, तिथूनही आता पाण्याचा एक पट्टा वाहायला लागला होता.

“किती उशीर!” इंदू ओरडली. “सगळं भिजलं!”

“इंदू, ऊठ!” सरोज ओरडली. “पाणी चढतंय, ऊठ आधी!”

“थांब गं. मालिनी येऊ दे.”

सरोजचा हात दोरावरच थांबला. फिलूनं तोंडावर हात दाबला.

“पान वाढलंय तिचं,” इंदू म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट होता, जेवायला बसलेल्या यजमानीणबाईचा. “तिला सोडून निघायचं? असं कधी केलंय का आपण?”

“पुढं गेलीय म्हण,” सरोज हिराच्या कानाशी कुजबुजली. “बसला गेलीय म्हण. काहीही म्हण, पण उठव तिला.”

तेवढं म्हणणं सोपं होतं. आणखी एक खोटं, आजवर मान डोलावून केलेल्या कितीतरी खोट्यांवर एक. हिरानं दोर कमरेला बांधला, दुसरं टोक सरोजनं उंबराला वळसा देऊन धरलं, आणि हिरा पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि बाजूला खेचू लागलं. फिलू मधे उभी राहून तिचा हात धरून होती. हिरा खडकावर चढली आणि इंदूसमोर उकिडवी बसली. पाचव्या पानाकडे तिनं बघितलं. त्याच्यावरचं थालिपीठ इतरांपेक्षा मोठं होतं. मालिनीला मोठं लागायचं.

“इंदू, माझ्याकडे बघ. पुढं कोण असतं?”

“सरोज.”

“ती बघ सरोज. मग?”

“फिलू. माझा रेनकोट घातलाय चोरटीनं.”

“आणि मागं कोण असतं? सगळ्यांत शेवटी?”

इंदूनं तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरून पाणी ओघळत होतं. “तू. शेपूट.”

“माझ्या मागं कोण असतं?”

“तुझ्या मागं कुणी नसतं.”

“मी आले,” हिरा म्हणाली. “मी आले, म्हणजे यायच्या होत्या तेवढ्या आल्या.”

पाण्यानं खडकाच्या कडेचं एक पान उचललं आणि नेलं, गोट्यासकट. ती ते बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली, आणि वर केली तेव्हा डोळे वेगळे होते. लक्ष्मी रस्त्यावर रिक्षात बसल्यावर झाले होते तसे.

“मालिनी नाहीये,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी कुठं येऊन बसले?”

“आपल्या जागी. ऊठ आता.”

दोघी उठल्या. इंदूनं उठता उठता डब्याचं झाकण तेवढं उचललं, उरलेल्या थालिपिठांकडे पाहिलं नाही. पाण्याच्या पट्ट्यात तिचा पाय सुटला आणि सगळा भार हिराच्या हातावर आला. खांद्यातून कळ गेली, पण फिलूनं, त्या पिवळ्या अवाढव्य रेनकोटातून, दोघींना एकदम असं ओढलं की तिघी काठावर एकमेकींच्या अंगावर पडल्या.

“कटलेट कामाला आली,” फिलू खालून म्हणाली. कुणी हसलं नाही. मग इंदू हसली, आणि मग फिलू रडायला लागली.

परतीच्या वाटेवर सरोजनं बाण केले नाहीत. सगळ्या एकमेकींना लागूनच चालत होत्या. वाट एकीपुरती होती तरी जिथं जमेल तिथं इंदूचा एक हात सरोजच्या हातात होता. हिरा मागून येत होती आणि दर थोड्या वेळानं वळून बघत होती, मागच्या रिकाम्या वाटेकडे. एरवी मागं बघायची तिला सवयच नव्हती. फाट्यावर ते तीन दगड अजून तसेच पडलेले होते. ती त्यांच्यावरून पाय न लावता पलीकडे गेली.

संध्याकाळची बस मिळाली. सरोज पुढं बसली आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. इंदू खिडकीशी. खांदा ठणकत होता म्हणून हिरा आज टेकून बसली होती, पण पाय खाली हलतच होते.

“हिरे,” इंदू म्हणाली. “मिहिरला तू सांग.”

“तू सांगणार होतीस.”

“मी उद्यापर्यंत विसरेन की सांगायचं ठरलंय. किंवा विसरले असं दाखवीन. माझं काही सांगता येत नाही आता.” ती खिडकीबाहेर बघत होती. “तू सांगितलंस की मी चिडेन तुझ्यावर. म्हणेन, शब्द मोडलास. तेव्हा माझं ऐकू नकोस.”

“बरं.”

“आणि डोहावर मी काय केलं ते सांगू नकोस.”

हिरानं मान डोलावली नाही. “ते पण सांगणार,” ती म्हणाली.

इंदूनं तोंड फिरवलं. पौड आलं तेव्हा तिनं हिराच्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला. “बस चालवतोय ना तो,” ती म्हणाली.

मिहिरनं दार उघडलं तेव्हा टीव्ही चालू होता. “काय, बरा झाला का ट्रेक? आई, केवढी भिजलीस! हिरामावशी, चहा घेणार?”

“मस्त झाला,” इंदू म्हणाली आणि चिखलाचे बूट हातात घेऊन आत गेली.

“चहा नको,” हिरा म्हणाली. “तू जरा खाली येतोस माझ्याबरोबर? चालू या थोडं. बसून मला सांगता यायचं नाही.”

सोसायटीच्या आवारात ती त्याला घेऊन तीन फेऱ्या चालली. पहिल्या फेरीत तो मधेमधे “हो का, हो का” करत होता. दुसऱ्या फेरीत तो खाली बघून चालत होता. तिसऱ्या फेरीत, ती डोहावरचं सांगत असताना, तो मधेच थांबला आणि भिंतीला टेकला. हिरानंही थांबायचा प्रयत्न केला.

“चार महिने, मावशी?” तो म्हणाला.

“हो.”

त्यानं वर बघितलं. वर खिडकीत इंदू उभी होती, केस टॉवेलात गुंडाळलेले. तिला खालचं ऐकू जात नव्हतं, पण ती बघत होती.

गेटाशी सरोज उभी होती. आपल्या बसला न जाता ती इथवर का आली होती ते तिनं सांगितलं नाही.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“सगळं?”

“बाण मीच मोडला, तेसुद्धा.”

सरोजनं छत्री उघडली, अर्धी हिराच्या डोक्यावर धरली. रागातच होती ती, चेहऱ्यावरून कळत होतं. “पुढच्या रविवारी वेताळ टेकडी,” ती म्हणाली. “मिहिरनं सोडलं तर. नाही सोडलं तर इथंच, या आवारात. इंदू मधे. शेपूट फिलू.”

“आणि मी?”

“तू कुठंही चाल. तुझं काय, तू चालणारच.” ती निघाली, आणि दोन पावलांवर पुन्हा थांबली. “रिक्षा करतेयस ना खडकीला? खांदा धरलाय तुझा.”

हिरानं रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा होत्या, रिकाम्या होत्या. तिनं वर खिडकीकडे पाहिलं, तिथं आता कुणी नव्हतं, फक्त दिवा होता.

“नाही,” ती म्हणाली. “बसवणार नाही मला,” आणि पावसात चालायला लागली.